मी काढलेल्या वायरी मला परत जोडायच्या आहेत

ठाणे आणि नवी मुंबईतल्या डंपर आणि टँकर मालकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. तुर्भ्याला एमआयडीसीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग, हेडलाइट ही कामं पंचवीस वर्षं करतोय आणि २०१६ पासून स्पीड गव्हर्नरची, म्हणजे गाडीचा वेग ठरावीक आकड्यावर अडवणाऱ्या डबीची, कामंही करतो. माझ्या दुकानातल्या एका वहीत ३३ गाड्यांचे नंबर लिहिलेले आहेत. एमएच-४३ च्या सगळ्यात जास्त, मग ४६ आणि ०४ च्या. या ३३ गाड्यांच्या गव्हर्नरची वायर मी काढलेली आहे. तुम्ही सांगितलं म्हणून काढली, पैसे घेऊन काढली. एकेकाला वेगळं पत्र लिहिलं असतं, पण निम्म्या गाड्या विकल्या गेल्यात आणि फोन नंबर बदललेत. म्हणून सगळ्यांना मिळून हे एकच पत्र.

आधी काय काढलं ते सांगतो, कारण मालकांपैकी अनेकांनी ती डबी कधी बघितलेलीही नाही. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या मालवाहू गाड्यांना वेगाचं कुलूप लागलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११८ क्रमांकाचा नियम तो. बाकी ट्रकला ताशी ८० किलोमीटर, पण डंपर, टँकर, स्कूल बस आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना ६०. ड्रायव्हरच्या पायाच्या बाजूला, डॅशबोर्डच्या आत एक काळी डबी असते. गिअरबॉक्सवरच्या सेन्सरकडून तिला वेग कळतो. पेडलचा सिग्नल इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जातो तो या डबीतून. गाडी ५० ला असो, ५५ ला असो, डबी काही करत नाही, पाय जेवढा दाबला तेवढा सिग्नल पुढे सोडते. ६० आले की मग पाय फळीला टेकला तरी सिग्नल वाढू देत नाही. जुन्या गाड्यांत हेच काम डिझेलच्या पाइपवर बसवलेला व्हॉल्व्ह करतो.

आणि काढायचं काम? डबीला येणारा कपलर आणि डबीतून जाणारा कपलर सोडवायचे, एकमेकांत बसवायचे, वर टेप मारायची. दहा मिनिटं लागतात. मी ३०० रुपये घ्यायचो. पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या, आदल्या दिवशी गाडी यायची, टेप उकलून डबी परत जोडायची, त्याचे २००. पासिंग झालं की संध्याकाळी पुन्हा ३००. टेप मी पिवळी वापरायचो आणि तिचं टोक दुमडून ठेवायचो. पुढच्या वेळी नखाने पटकन उकलता यावी म्हणून.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता तुमच्यातल्याच एकाचा फोन आला. ठाणे-बेलापूर रोडला, रबाळ्याच्या पुढे गाडी उभी आहे, एक सायकलवाला लागलाय, सकाळी आरटीओचे साहेब गाडी तपासायला येतील, त्याच्या आत वायर जोडून दे. मी रेनकोट घालून स्कूटरवर गेलो. माणसाला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. डंपर खडीने भरलेला, चारी इंडिकेटर चालू. ड्रायव्हर बीडकडचा, तेवीस-चोवीसचा पोरगा, दुभाजकावर बसला होता, पावसात भिजत. मला बघून उठला आणि म्हणाला, "काका, मला दिसला होता तो. मी ब्रेक मारला होता."

सायकल जिथे पडली होती तिथून गाडीच्या पुढच्या चाकापर्यंत मी पावलं मोजली. एकतीस भरली. मग केबिनमध्ये चढून पॅनल उघडलं, टॉर्च मारला. पिवळी टेप, टोक दुमडलेलं. पाच महिन्यांपूर्वी मीच मारलेली.

मी वायर जोडली नाही. पॅनल लावून खाली उतरलो. मालकांनी मला बरंच काही सुनावलं, ते इथे लिहीत नाही. सकाळी तपासणीला आलेल्या साहेबांना मी सांगितलं की टेप माझी आहे, आणि पोलिसांत जबाबही दिला. केस चालू आहे, त्यामुळे त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिता येत नाही. सायकलवाला रबाळ्याच्या कंपनीतून दुसरी पाळी करून घरी चालला होता. जीव वाचला. डावा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

"ब्रेक मारला होता" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माझी मुलगी तेव्हा बारावी सायन्सला होती. तिच्याकडून मी हिशेब करून घेतला. चांगल्या ब्रेकची कार, कोरडा रस्ता, आणि समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद, असं धरलं. ६० च्या वेगात त्या एका सेकंदातच गाडी सतरा मीटर पुढे जाते, मग ब्रेक लागून आणखी वीस मीटर. म्हणजे सदतीस मीटरच्या आत गाडी उभी राहते. आता तीच कार ८० ला आहे. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या ठिकाणी ही अजून ताशी ६० च्या वर आहे. मी मुलीला म्हटलं, चुकलीस. तिने पुन्हा करून दाखवलं. जास्तीचे वीस किलोमीटर ब्रेक मारल्यावर आधी संपतील आणि मग उरलेले साठ, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. वेग दुप्पट झाला की अंगातला जोर चौपट होतो. ६० चे ८० केले की पावणेदोनपट. आणि हा हिशेब कारचा. तीन एक्सलचा भरलेला डंपर साडेअठ्ठावीस टनांचा, एअर ब्रेकला हवा भरायला लागणारा क्षणही त्यात धरायचा, वरून पाऊस, आणि तुमच्या टायरची काय अवस्था असते ते मला नेमकं माहीत आहे, कारण गाडीखाली मी झोपतो.

आता तुमचं म्हणणं. ते मी दुकानातल्या बाकावर बसून वर्षानुवर्षं ऐकलंय आणि त्यातलं सगळंच चुकीचं आहे असं मी म्हणत नाही.

पहिलं म्हणणं खेपेचं. दिवसा अवजड गाड्यांना ठाण्यात ठरावीक वेळेतच प्रवेश, बंदी उठली की सगळ्या गाड्या एकदम सुटतात, रात्रीत चार खेपा झाल्या नाहीत तर हप्ता निघत नाही. मान्य. पण हिशेब मांडू या. पनवेलकडच्या खाणीतून खडी भरली आणि घोडबंदर रोडच्या साइटवर टाकायची. या सगळ्या वाटेत गाडी मोकळी पळवता येईल असा रस्ता किती? सिग्नल, उड्डाणपुलांची कामं, कळवा, माजिवडा, कापूरबावडी, मेट्रोचे बॅरिकेड वजा केले तर मी म्हणतो वीस किलोमीटर. तेवढं अंतर ६० ने गेलं तर वीस मिनिटं, ७५ ने गेलं तर सोळा. एका बाजूला चार मिनिटं वाचली. क्रशरवर भरायला तुमची गाडी किती वेळ रांगेत उभी असते? वजनकाट्यावर? साइटवर सुपरवायझर झोपलेला असतो त्याला उठवण्यात? पाऊण तास तिथे जातो आणि त्यावर कुणी आवाज करत नाही, कारण क्रशरवाल्याशी भांडण नको. मग ती कसर रस्त्यावर काढायची, आणि ती काढणार कोण, तर खेपेवर पैसे मिळणारा ड्रायव्हर.

माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे. तुम्ही ड्रायव्हरला खेपेमागे पैसे देता. पोराला घरी पैसे पाठवायचे असतात, मग वायर काढायला तोच घेऊन येतो आणि तुम्ही फोनवर "करून टाक" म्हणता. पाळीवर पगार द्या, गाडीच्या खेपा तुम्ही रांग आणि वेळ बघून ठरवा. दोन मालकांनी असं केलंय. त्यांच्या गाड्या माझ्याकडेच येतात. त्यांचे ब्रेक लायनर किती दिवस टिकतात ते कधी येऊन बघा.

दुसरं म्हणणं असं की गव्हर्नर गाडी खेचू देत नाही, चढाला पिकअप मारते, ६० च्या आसपास झटके देते. हे खरं आहे, पण ते खराब डबीचं लक्षण आहे. स्वस्तातली डबी, चुकीचं सेटिंग, किंवा सेन्सरवर चिखल बसलेला. टायरचा साइज बदलला आणि सेन्सरचे पल्स, म्हणजे डबी ज्यावरून वेग मोजते ते ठोके, नव्याने मोजून सेट केले नाहीत तर डबीला वाटतं ६० झाले आणि गाडी असते ५२ ला. ड्रायव्हर वैतागणारच. त्याला उपाय सेन्सर साफ करणं, कॅलिब्रेशन करणं, वायरिंगला जाळी घालणं. ते काम मी करतो. ते सांगायला मात्र वर्षातून एखादाच मालक येतो, कारण काढायला ३०० आणि नीट करायला दीड-दोन हजार.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या ड्रायव्हरना कुणी सांगत नाही. गव्हर्नर डिझेल थांबवतो, गाडी थांबवत नाही. गायमुखच्या उतारावर न्यूट्रल मारली की भरलेला डंपर आपल्या वजनाने ७५ ला जाईल आणि डबीला काहीही करता येणार नाही. न्यूट्रलने डिझेल वाचतं हा समज जुन्या गाड्यांपासून चालत आलाय. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला तर कॉम्प्युटर डिझेल जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. डबी जोडून घेतली म्हणून गाडी आपोआप सांभाळली जाईल असं समजू नका, एवढंच.

तिसरं म्हणणं तुम्ही रागाने मांडता, आणि त्यात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. कुलूप फक्त आम्हालाच का? पाम बीचला ६० ची पाटी आहे. रात्री साडेबारानंतर नेरूळच्या बाजूला उभं राहून बघा काय वेगाने कार जातात. देशात कारला जास्तीत जास्त वेग २०१८ च्या अधिसूचनेने ठरवला होता तो एक्सप्रेसवेवर १२०, चार पदरी महामार्गावर १००, शहरात ७०. आणि शोरूममधल्या साध्या कारच्या मीटरवर आकडे २०० च्या पुढे छापलेले. जिथे ती कायद्याने कधीच जाऊ शकत नाही तो वेग तिच्यात भरून विकायचा, आणि त्यावर इलाज काय, तर १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना बीप. ८० च्या वर गेलं की मधूनमधून, १२० च्या वर गेलं की सलग. ही बीप बंद करून घ्यायलाही लोक माझ्याकडे येतात. मी करत नाही, पण ऑनलाइन त्याचा कपलर मिळतो हेही मला माहीत आहे.

कारला कुलूप घालता येत नाही असं अजिबात नाही. जर्मनीतल्या बड्या कंपन्यांनी आपापसात ठरवून गाड्या २५० ला बांधल्या, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जपानच्या कंपन्या तिथल्या गाड्या १८० ला बांधत आल्या. व्होल्वोने २०२० पासून आपल्या सगळ्या नव्या गाड्या १८० ला बांधल्या. हे आकडे आपल्या रस्त्यांसाठी फारच मोठे आहेत, पण कंपनीने मनात आणलं तर एका सॉफ्टवेअरच्या ओळीत होतं हे त्यावरून दिसतं. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये अशी यंत्रणा सक्तीची आहे की कॅमेरा आणि नकाशावरून तिला त्या रस्त्याची मर्यादा कळते आणि ती ड्रायव्हरला टोकते. ड्रायव्हरला ती ओलांडता येते, जोराने पेडल दाबून. आणि तिथले अवजड ट्रक कधीपासून ९० ला बांधलेले आहेत. आपल्याकडे कारला असं काही यावं म्हणून तुम्ही संघटनेमार्फत निवेदन द्या, पहिली सही माझी. पण कारवाला मोकाट आहे म्हणून माझा डंपर मोकाट, हे मला पटत नाही. कारची आणि डंपरची सायकलशी गाठ पडली की काय होतं त्यातला फरक मी बघून आलोय.

हाच प्रकार आता ई-स्कूटरला सुरू झालाय. २५ च्या आतली, अडीचशे वॉटच्या आतल्या मोटरची स्कूटर असेल तर नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. डिलिव्हरीची पोरं ती घेतात आणि कंट्रोलरमधली वेगाची वायर काढायला येतात. काढली की ४०-४५ जाते. ब्रेक आणि चाकं मात्र २५ च्याच हिशेबाची. परत पाठवतो मी त्यांना.

तुमच्यातल्या बीएस-६ गाड्यांच्या मालकांना वेगळं सांगायला हवं. २०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत वेगाची मर्यादा इंजिनच्या कॉम्प्युटरमध्येच असते, त्यामुळे पक्कड घेऊन काही होत नाही. आता लॅपटॉप घेऊन फिरणारे आलेत, यार्डात येऊन आकडा बदलून देतात. तुम्हाला वाटतं वायर तुटली नाही, टेप नाही, कुणाला कळणार? कंपनीच्या स्कॅनरला कळतं. आणि गाडीत परवानगीशिवाय फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याच्या १८२-अ कलमात शिक्षा मालकाला आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ड्रायव्हरला पुढे करून सुटता येत नाही.

खरं तर तुम्हाला कुणी येऊन सांगायचीही गरज नाही. जवळजवळ प्रत्येक मालकाने गाडीला जीपीएस लावलाय, डिझेलची चोरी पकडायला. गेल्या महिन्यात एक जण माझ्या दुकानात चहा पीत बसले होते. मोबाइल वाजला. मी समोरच बसलो होतो, स्क्रीन दिसली. ओव्हरस्पीड, ७८, ऐरोली. त्यांनी अंगठ्याने मेसेज बाजूला सारला आणि बोलणं चालू ठेवलं. त्यांच्या ड्रायव्हरला फोन करायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असतं. तो मेसेज येत असतो तेव्हा गाडी त्याच क्षणी रस्त्यावर त्या वेगात असते, कुणाच्या तरी मागे.

आता माझं काम. वहीतल्या ३३ पैकी ११ गाड्या मी परत जोडल्यात. टेप काढली, डबी तपासली, सेन्सर साफ केले, शिसाचं सील मारलं, मालकाच्या समोर गाडी रस्त्यावर नेऊन ६० ला अडते ते दाखवलं. बाकी २२ ची जोडणी मी मजुरी न घेता करून देणार आहे. डबीच खराब निघाली तर नवीन तुम्हाला घ्यावी लागेल, बसवायचे पैसे घेणार नाही. रविवारी दुकान बंद असतं, पण या कामासाठी सकाळी सातपासून उघडं ठेवतो. गाडी खाणीवर किंवा साइटवर अडकली असेल तर मी येतो, उरण, पनवेल, घोडबंदर, कुठेही.

तुमची गाडी वहीत आहे की नाही याची शंका असेल तर ड्रायव्हरच्या पायाजवळचं डाव्या बाजूचं पॅनल उघडा. चार स्क्रू आहेत. आत पिवळी टेप आणि तिचं टोक दुमडलेलं दिसलं तर ती माझी. काळी असेल तर दुसऱ्या कुणाची, तरी घेऊन या.

आणि ज्यांनी गाड्या विकल्या त्यांना हात जोडून विनंती. घेणाऱ्याचा नंबर मला द्या. त्यातल्या दोन गाड्या नाशिककडे गेल्यात एवढं कळलंय, एक भिवंडीच्या गोदामांकडे चालते म्हणतात, बाकीच्यांचा पत्ता नाही. नव्या मालकाला ठाऊकही नसेल की त्याच्या गाडीचं कुलूप उघडं आहे. तुम्ही त्याला सांगायला संकोचत असाल तर मी सांगतो, माझं नाव घेऊन.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
तुर्भे, नवी मुंबई